सहीवाचून राहिलेल्या नोटा

खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणारा बोरघाटातला गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. त्यानंतर दहा वर्षांनी, १८४० मध्ये, बँक ऑफ बॉम्बे स्थापन झाली आणि तिने स्वतःच्या नोटा काढल्या. काही नोटांवर मुंबईच्या टाउन हॉलचे चित्र होते, तर काहींवर दोन पुतळे: एक माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा आणि दुसरा याच माल्कमचा. खोपोलीकरांच्या डोक्यावरून जाणारा रस्ता ज्याच्या नावावर नोंदला आहे, तोच माणूस मुंबईच्या कागदी पैशावरही उभा होता.

त्या काळी छापखान्यातून येई तो केवळ कागद. तारीख, क्रमांक आणि अधिकाऱ्याची सही त्यावर मागाहून चढे आणि तेव्हा कुठे त्याचा पैसा होई. सहीवाचून राहिलेल्या अशा कागदांना संग्राहक ‘रिमेंडर’ म्हणतात. अधिकाऱ्यांना ओळख पटावी म्हणून शून्यांचा क्रमांक घालून काढलेली ती नमुना नोट, म्हणजे ‘स्पेसिमेन’. ठसा कसा उठतो हे पाहायला काढलेला कागद म्हणजे ‘प्रूफ’. बाजारात फिरलेली नोट सरकारने शेवटी काय ठरवले एवढेच सांगते. न निघालेली नोट मात्र त्याआधी काय काय मनात होते तेही सांगते, आणि म्हणूनच ती अधिक मोलाची.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क खासगी आणि इलाख्यांच्या बँकांकडून सरकारकडे गेला. देशाची चलन-मंडळांत वाटणी झाली. आपला भाग मुंबई मंडळात, पार अकोल्याचे उपमंडळही त्यातच. एका मंडळाची नोट दुसऱ्या मंडळात हक्काने चालत नसे. ही अडचण टप्प्याटप्प्याने सुटली. पाचाची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश सोडून सगळीकडे चालू लागली, दहा आणि पन्नासाची १९१० मध्ये, शंभराची १९११ मध्ये. आगगाडी मात्र कधीच पुढे गेली होती. ती खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये आली आणि १८६३ मध्ये घाट चढून पुण्याला जाऊन मिळाली. व्यापाऱ्यांच्या रकमा टपालाने जात, पण अख्खी नोट पाकिटात घालायला कोण धजणार? नोट मधोमध कापून एक अर्धा आधी पाठवायचा, पोच आली की दुसरा, अशी रीत देशभर होती. नोटेवर क्रमांक दोनदा छापलेला असे, त्यामुळे दोन तुकडे जुळवून पाहता येत. अशा सांधलेल्या नोटा आजही संग्रहांत दिसतात.

पहिल्या महायुद्धाने चांदीची टंचाई केली. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली आणि पुढच्या जानेवारीत अडीच रुपयांची. सगळ्या नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत. त्यातलीच एक बोट ‘शिराला’. लंडनहून मुंबईला निघालेली ही बोट २ जुलै १९१८ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने बुडवली. तिच्यात दारूगोळ्यापासून मुरंब्यापर्यंत सगळे होते, आणि नोटांचे गठ्ठेही. त्यातल्या कितीतरी नोटा वाहत किनाऱ्याला लागल्या: पाचाच्या आणि दहाच्या सहीविना, एक रुपयाच्या सहीसकट. अधिकाऱ्यांनी बहुतेक गोळा करून नष्ट केल्या आणि बदली नोटा छापून घेतल्या. थोड्या मात्र लोकांच्या हाती राहिल्या. २०२४ च्या मे महिन्यात लंडनच्या नूनन्स लिलावगृहात दहाच्या दोन नोटा विक्रीला आल्या. दोन्हींवर तारीख २५ मे १९१८. शंभर वर्षांपूर्वी समुद्रात पडलेला कागद असूनही त्या चांगल्या राहिल्या होत्या, कारण घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यात त्या आतल्या बाजूला असाव्यात असे लिलावगृहाचे म्हणणे होते. मुंबईला पोचल्या असत्या तर त्या वापरून, मळून, जळून संपल्या असत्या.

बोटीवरचा भरवसा १९२८ पासून सुटू लागला. नाशिकला नोटांचा छापखाना सुरू झाला आणि महाराष्ट्राच्या मातीत सरकारी नोट छापली जाऊ लागली.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, पण तिची स्वतःची नोट यायला जवळजवळ तीन वर्षे गेली. जानेवारी १९३६ मध्ये आठवा एडवर्ड गादीवर आला आणि नव्या नोटांवर त्याची छबी येणार असे ठरले. डिसेंबरात त्याने राज्यत्याग केला. चेहरा बदलला म्हणजे ठसे, जलचिन्ह, सगळेच बदलावे लागते. अखेर जानेवारी १९३८ मध्ये सहाव्या जॉर्जच्या छबीची पाचाची नोट आली, सही सर जेम्स टेलर यांची. पहिले गव्हर्नर सर ऑस्बर्न स्मिथ १९३७ मध्येच पायउतार झाले होते. म्हणून रिझर्व्ह बँकेच्या पहिल्याच गव्हर्नराची सही एकाही नोटेवर नाही. एडवर्डच्या छबीची नोट चलनात कधीच आली नाही.

स्वातंत्र्याच्या वेळचा प्रसंग याहून जिव्हाळ्याचा. तेव्हा गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. जन्म रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावचा, घराणे रोह्याचे, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्याचा माणूस. १९४३ ते १९४९ ही त्यांची कारकीर्द, आणि या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. राजाची छबी काढून तिथे काय आणायचे हा प्रश्न उभा राहिला. आधी महात्मा गांधींची छबी घ्यावी असे वाटले आणि तसे आराखडे तयारही झाले. पुढे मत सारनाथच्या सिंहमुद्रेकडे झुकले. १९४९ ची एक रुपयाची नोट सिंहमुद्रा घेऊन आली. बाकीची मांडणी बरीचशी जुन्याच वळणाची राहिली. गांधीजी नोटेवर आले ते जन्मशताब्दीला, २ ऑक्टोबर १९६९ रोजी. त्या नोटेवर ते बसलेले आहेत आणि मागे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामची कुटी आहे. मधल्या वीस-बावीस वर्षांत बाजूला पडलेले ते आराखडे, माझ्या मते, आपल्या चलनाच्या इतिहासातले सगळ्यांत बोलके कागद. नव्या देशाने स्वतःची ओळख कोणत्या चित्राने द्यावी, याचा विचार त्यांच्यात अर्ध्यावर थांबलेला आहे.

रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये मुंबईत फोर्टला चलन-संग्रहालय उघडले, त्यामुळे या कागदांची गोष्ट सामान्य माणसाला सलग पाहायला मिळाली. घरात जुन्या नोटा जपणाऱ्यांनी मात्र कायदाही ध्यानात ठेवावा. २०१६ मध्ये बाद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी जास्तीत जास्त २५ ठेवता येतात, एरवी १०. जुनी नोट लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये. पीव्हीसी नसलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटात सपाट ठेवावी.

कर्जत, नेरळ, खोपोलीच्या जुन्या पेढ्यांवर भात आणि किराण्याच्या हिशेबाच्या चोपड्या अजून पडून असतील, तर रद्दीत देण्याआधी त्यांची पाने उलटून पाहावीत; आत एखादी जुनी नोट दडलेली असायची. १९२३ च्या आधीच्या दहा-पाचाच्या नोटा एकाच बाजूने छापलेल्या असत. कोऱ्या पाठीवर देणारे-घेणारे आपली नावे आणि तारखा लिहून ठेवत. नोट कुणाच्या हातून कुणाकडे गेली हे त्या शाईवरून कळते, म्हणून पाठ पुसू किंवा धुऊ नये.