व्रण, कातडे आणि कायदा

माझे आजोबा कातडी कमवीत. चुन्याच्या कुंडातले कातडे काढायचे, केस खरवडायचे आणि मग ते बाभळीच्या सालीच्या व हिरड्याच्या पाण्यात मुरत ठेवायचे. आमचा ढोरवाडा गावाबाहेर होता. आमच्याही पलीकडे, पायाला चिंध्या बांधलेला एक कुष्ठरोगी राहत असे. आम्ही त्याला शिवत नव्हतो. हे आधी कबूल करतो आणि मग इतिहासाकडे वळतो.

१८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याची मूळ व्याख्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी. ज्याच्या अंगावर व्रण पडू लागले तोच कायद्याच्या भाषेत कुष्ठरोगी. त्यातही जो भीक मागतो किंवा ज्याला चरितार्थाचे उघड साधन नाही, त्याला पोलिसाने वॉरंटाशिवाय पकडावे, अशी तरतूद होती. हॅन्सनने या रोगाचा जंतू १८७३ सालीच दाखवला होता. पण कायद्याने जंतू पाहिला नाही. जखम आणि दारिद्र्य एकत्र दिसले की तो गुन्हा. श्रीमंताची घरात झाकलेली जखम कायद्याला दिसत नव्हती. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.

मग ही जखम पडते कशी? १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. रोगाने नसा बधिर होतात. तळव्याला खडा, काटा, निखारा कळत नाही. माणूस त्यावरच चालत राहतो आणि दाबाने मांस फाटते. ते मांस मुळात सडके नसते. पाय प्लॅस्टरमध्ये ठेवून विश्रांती दिली की जखम भरते आणि पुढे मऊ रबराची चप्पल मिळाली तर ती पुन्हा उघडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पूर्वजन्मीच्या पापाचा सिद्धान्त एका चपलेने खोटा पाडला!

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्याने जंतू मरतो. पण मेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून रोग बरा झाला तरी व्रण उरतो.

इथे कातड्याचा संबंध येतो. कातडे ज्या तंतूंचे बनते त्यांना कोलॅजेन म्हणतात. बाभळीची साल याच तंतूंना बांधून सडू देत नाही. हेच तंतू शुद्ध करून जखमेवर पातळ आवरणासारखे ठेवले, तर नव्या पेशींना ते परांचीसारखे उपयोगी पडतात आणि काम झाल्यावर विरून जातात. मद्रासला १९४८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत अशा आवरणांवर काम झाले. आजोबांच्या हातात जो विटाळ होता, तो प्रयोगशाळेत जाताच शास्त्र झाला.

मी चामड्याचे गोडवे गात नाही. मेलेली ढोरे ओढणे सोडा, हे बाबासाहेबांचे सांगणे योग्यच होते. माझा प्रश्न निराळा आहे. जो चालल्याशिवाय जेवू शकत नाही, त्याच्या तळव्यावर उत्तम आवरण लावून त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा खडी फोडायला धाडले, तर ती जखम भरेल कशी? आवरणाबरोबर चप्पल हवी, विश्रांतीच्या दिवसांची भाकरी हवी आणि हे सारे हक्काने हवे, दयेने नको.

आमच्या वाड्याला लागूनच चांभारवाडा होता. त्या माणसाच्या पायाला मऊ चप्पल तिथे शिवता आली असती. तिची गरज आम्हांला ठाऊक नव्हती, हे खरे. पण त्याला पायाचे काय झाले, हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारले नाही.