एका वाक्याचा हिशेब : वास्को द गामा

‘वास्को द गामाने १४९८ मध्ये भारताकडे येणारा सागरी मार्ग शोधून काढला.’ शाळेत इतिहास शिकलेल्या प्रत्येकाला साधारण या अर्थाचे एक वाक्य पाठ असते. गामाविषयीचा वाद बहुधा दोन टोकांना चालतो. एका बाजूला धाडसी दर्यावर्दी, दुसऱ्या बाजूला गुलामगिरीचा पहिला दूत. मला वाटते, वाद घालण्याआधी हे वाक्यच सोडवून पाहावे. त्यातले गामाचे किती आणि इतरांचे किती?

प्रथम त्याचे श्रेय. ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजे आणि सुमारे १७० माणसे घेऊन तो लिस्बनहून निघाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालता येतो हे बार्तोलोमेउ दियाशने १४८८ मध्येच दाखवून दिले होते. पण किनाऱ्याच्या कडेकडेने गेल्यास समोरचे वारे आणि प्रवाह जहाजे मागे लोटत. गामाच्या ताफ्याने केप व्हर्द बेटांपासून भर अटलांटिकमध्ये प्रचंड मोठे वळण घेतले. ३ ऑगस्टला बेटे सोडल्यावर जमीन दिसली ती ४ नोव्हेंबरला. कोलंबसाने कॅनरी बेटे सोडल्यापासून जमीन दिसेपर्यंत पाच आठवडे लागले होते. इथे तीन महिने गेले. एवढा काळ जमिनीवाचून जहाजे एकत्र ठेवणे आणि अखेर हव्या त्या किनाऱ्याजवळ पोचणे ही साधी गोष्ट नव्हे. वाक्याचा हा अर्धा भाग निःसंशय त्याचा आहे.

दुसरा अर्धा मात्र त्याचा नाही. एप्रिल १४९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मालिंदीच्या राजाने त्याला वाटाड्या नाविक दिला. हा नाविक म्हणजे प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिद, असे पुष्कळदा लिहिले जाते. पण पोर्तुगीज साधने त्याला दुजोरा देत नाहीत. तो गुजरातेतला मुसलमान होता असे सोळाव्या शतकातील पोर्तुगीज बखरकार सांगतात. कोणीही असो, त्याला वाट ठाऊक होती. २४ एप्रिलला मालिंदी सोडलेल्या ताफ्याला तेवीस-चोवीस दिवसांत मलबारचे डोंगर दिसले.

परतीचा प्रवास याच्याशी ताडून पाहावा. ऑक्टोबर १४९८ मध्ये, मोसमी वारे अनुकूल होण्याची वाट न पाहता, गामा कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाला. तोच समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. स्कर्व्हीने तीसएक माणसे दगावली. जहाज चालवायला माणसे पुरेनात, म्हणून ‘साव राफाएल’ हे जहाज स्वतःच्या हातांनी जाळावे लागले. वाट जाणणारा माणूस आणि योग्य ऋतू असताना तीन आठवडे, ऋतू चुकला तेव्हा तीन महिने : या दोन आकड्यांत ‘शोध’ या शब्दाचे खरे मोल कळते. मलबार, गुजरात, अरबस्तान आणि आफ्रिका यांना जोडणारी ही वाट शेकडो वर्षे वाहती होती. कालिकतला उतरलेल्या पहिल्या पोर्तुगीज माणसाची गाठच मुळी ट्युनिसच्या दोन व्यापाऱ्यांशी पडली, आणि त्यांना कॅस्टिलियन भाषा येत होती!

कालिकतच्या सामुतिरीसाठी आणलेल्या नजराण्याची यादी ताफ्यातल्याच एका अनाम रोजनिशीकाराने नोंदवली आहे. पट्टेदार कापडाचे बारा नग, पोवळ्याच्या चार माळा, हात धुण्याची सहा भांडी, साखर, तेल, मध आणि काही टोप्या. राजाचे अधिकारी ते पाहून हसले. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून अधिक देतो, असे त्यांनी ऐकवले. या बाजारात पोर्तुगालजवळ विकण्याजोगे फारसे काही नव्हते. होत्या त्या तोफा.

त्यांचा वापर पुढे झाला. १५०० मध्ये काब्रालच्या माणसांनी कालिकतच्या बंदरात एक अरब जहाज पकडले. त्यानंतर जमावाने पोर्तुगीज वखारीवर हल्ला करून पन्नासहून अधिक माणसे मारली, आणि काब्रालने शहरावर तोफा डागल्या. १५०२ मध्ये गामा पुन्हा आला तो या सुडाच्या भावनेने. मक्केहून यात्रेकरूंना घेऊन परतणारे ‘मीरी’ हे जहाज त्याने मलबारच्या समुद्रात अडवले. जहाजावरच्या श्रीमंत व्यापाऱ्याने सुटकेसाठी मोठी खंडणी देऊ केली. गामाने ती नाकारली. लूट काढून घेतल्यावर शेकडो माणसांसह जहाज जाळण्याचा हुकूम त्याने दिला. बायका आपले दागिने आणि कडेवरची मुले वर उचलून दाखवत दयेची याचना करीत होत्या. वखारीवरच्या हल्ल्याशी या प्रवाशांचा काय संबंध?

यावर ठरलेले उत्तर असते : तो काळच तसा होता, आजची मापे त्याला लावू नका. मला हा युक्तिवाद पटत नाही, आणि त्याचे कारण आजच्या काळातले नाही. मीरीचा तपशील आपल्याला ठाऊक आहे तो मुख्यतः तोमे लोपिश याच्यामुळे. तो गामाच्याच ताफ्यातला कारकून. त्याचा वृत्तान्त रामुझियोच्या सोळाव्या शतकातील इटालियन प्रवाससंग्रहात छापला गेला. जहाज अत्यंत क्रूरपणे, कसलीही दया न दाखवता जाळले गेले, असे तो नमूद करतो; तो दिवस आपण जन्मभर विसरणार नाही, असेही सांगतो. म्हणजे १५०२ सालचा, त्याच धर्माचा, त्याच राजाच्या चाकरीतला माणूस हे अमानुष मानत होता. त्या काळचे माप लावायचे तर ते लोपिशचे का लावू नये?

जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्यावरून वर येताना व्हाइसरॉयची कमान लागते. ती गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने व्हाइसरॉय असताना उभारली. तिच्यावर नदीकडे तोंड करून वास्को उभा आहे. मुरगावजवळचे शहर आजही त्याचे नाव चालवते. १९९८ मध्ये त्या सफरीला पाचशे वर्षे झाली, तेव्हा लिस्बनमध्ये टागुस नदीवरच्या नव्या पुलाला त्याचे नाव मिळाले आणि इकडे केरळात व गोव्यात निषेध झाले. पुतळा ठेवावा की काढावा, यापेक्षा त्याच्याविषयी काय शिकवावे हा प्रश्न मला मोलाचा वाटतो.

जमेतून खर्च वजा करून शिल्लक काढावी तसा माणसाचा हिशेब होत नाही. अटलांटिकमधले तीन महिने मीरीची आग विझवत नाहीत, आणि त्या आगीमुळे ते तीन महिने खोटेही ठरत नाहीत. म्हणून पाठ्यपुस्तकातले ते वाक्य खोडावे असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे आणखी दोन यावीत, एवढेच सुचवीन. अरबी समुद्र ओलांडून त्याला भारतात आणले ते मालिंदीला मिळालेल्या एका नाविकाने. आणि चार वर्षांनी त्याच समुद्रात त्याने जे केले, त्याची साक्ष त्याच्याच ताफ्यातल्या कारकुनाने लिहून ठेवली आहे.