उनपदेवचे ऊन पाणी आणि उकळत्या आम्लातले विषाणू

जळगाव जिल्ह्यात, अडावदच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. गोमुखातून कुंडात पडणाऱ्या तेथील ऊन पाण्याची ख्याती जुनी. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या झऱ्यांची नोंद सापडते; तेव्हा जळगाव आणि धुळे एकाच खानदेश जिल्ह्यात होते, त्याचे पूर्व-पश्चिम विभाजन १९०६ चे. लोककथा सांगते, की शरभंग ऋषींच्या व्याधीसाठी रामाने बाण मारून हे पाणी काढले.

याहून कितीतरी तप्त पाण्यातही जीव नांदतात, हे विज्ञानाला उशिरा कळले. थॉमस ब्रॉक यांनी अमेरिकेतील यलोस्टोनच्या आम्लयुक्त कढत झऱ्यांतून मिळालेल्या 'सल्फोलोबस'चे वर्णन १९७२ मध्ये केले. १९७७ मध्ये कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी आर्किया हा जीवाणूंहून निराळा वंश असल्याचे दाखवले. मग या जीवांना ग्रासणारे विषाणू कोणते? जर्मनीचे वोल्फ्राम झिलिग यांनी त्यासाठी आइसलँडचे झरे धुंडाळले. तेथील सल्फोलोबसमध्ये सापडलेल्या काठीसारख्या विषाणूंना १९९९ मध्ये 'रुडिव्हिरिडी' हे कुळनाम मिळाले.

सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमान आणि तीव्र आम्ल यांत डीएनए टिकतो कसा? २०१५ मध्ये उत्तर मिळाले: प्रथिने त्याला चहूबाजूंनी लपेटून 'ए' नावाच्या आखूड, घट्ट रूपात ठेवतात. बाहेर पडण्याची तऱ्हा तर याहून विलक्षण. यजमान पेशीच्या पृष्ठभागावर सात बाजूंचे पिरॅमिड उभे राहतात, पाकळ्यांसारखे उमलतात आणि त्या दारांतून विषाणू निघून जातात.

खानदेशचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच. मग हे कूळ उनपदेवला का अपेक्षित नाही? दख्खनचा तो उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि ती उष्णता केव्हाच निवली. उनपदेवचे पाणी भेगांतून खोल मुरते, भूगर्भाच्या उष्णतेने तापते आणि वर येते. आइसलँडमध्ये जिवंत ज्वालामुखीतून येणारे गंधकयुक्त वायू पाण्याला आम्ल बनवतात, येथे ते नाहीत. केवळ ऊन पाणी या कुळाला पुरत नाही. उनपदेवच्या सूक्ष्मजीवांना त्यांचे स्वतःचे विषाणू असणारच, मात्र निराळ्या कुळांतले. 'विषाणू' शब्दाने दचकणाऱ्यांसाठी एवढेच, की आर्कियाचा कोणताही विषाणू माणसाला रोग देतो असे आजवर आढळलेले नाही.