आईनं मनगट धरलं ते वर्ष

मंडळी, परवा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो. रांगेत आमची सात वर्षांची लेक हात सोडून पुढं पळाली आणि मी तिच्यावर असा खेकसलो की बायको बघतच राहिली. "अहो, काय झालं तुम्हाला?" काय झालं ते सांगायचं तर 1996 सालात जावं लागतं.

तेव्हा आम्ही बेळगावात, शहापूरला राहायचो. मी चौथीत. दिवाळीनंतर अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, पकडल्या गेल्याच्या बातम्या यायला लागल्या. आम्ही जवळ गेलो की बाबा पेपरची घडी घालायचे. आई मात्र त्या दिवसापासून बाजारात माझं बोट धरेना, मनगट धरायला लागली.

हकीकत पुढं मोठेपणी वाचली. अंजनाबाईचा पहिला नवरा ट्रक ड्रायव्हर. रेणुका झाल्यावर त्यानं तिला टाकलं. दुसरा माजी सैनिक. सीमा झाल्यावर तोही दुसरं लग्न करून गेला. बाई जत्रेत, देवळात पाकिटं मारून जगायची, आणि मुलींना तिनं तेच शिकवलं. एकदा रेणुका चोरी करताना सापडली. कडेवर तिचं स्वतःचं पोर होतं. लेकुरवाळी बाई चोरी कशी करेल, म्हणून लोकांनीच तिला सोडलं.

तिथून पुढचं सगळं सुरू झालं. चोरीला जाताना कडेवर मूल पाहिजे, म्हणून गरिबांची मुलं पळवायची आणि नकोशी झाली की मारायची. कोल्हापुरात सीमा सापडली तेव्हा लोकांचं लक्ष उडवायला अंजनाबाईनं कडेवरचं पळवलेलं बाळ जमिनीवर आपटलं. पुढं ते मारलंही. याहून जास्त मी लिहीत नाही. 1990 ते 1996 हे चाललं. नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोची थोरली मुलगी मारून धाकटीच्या मागं लागल्या, तेव्हा हाती लागल्या.

अंजनाबाई खटल्याआधीच कैदेत वारली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. आरोप तेरा मुलं पळवल्याचा आणि नऊ मारल्याचा होता. वरच्या कोर्टात पाच खून कायम राहिले. 2001 मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, 31 ऑगस्ट 2006 रोजी सुप्रीम कोर्टानं ती कायम केली. लोक मुलांना शाळेत पाठवायलाही धजत नव्हते, हे त्या निकालातही आलंय. ते वाचलं आणि आईची पकड आठवली. 2014 मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. पण त्या अर्जावर सरकारी पातळीवर सात वर्षं दहा महिने गेले होते. म्हणून 18 जानेवारी 2022 रोजी मुंबई हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली.

आता माझी गोष्ट. त्याच हिवाळ्यात बेळगावच्या बसस्टँडवर एक बाई कडेवर पोर घेऊन भीक मागत होती. पोर गोरं, बाई काळी. मी आईला मोठ्यानं म्हटलं, "आई, ती बघ पोरं पळवणारी!" झालं. दहा-बारा माणसं गोळा झाली. "पोर कुणाचं सांग!" कुणीतरी पोराला ओढलं. ते किंचाळून तिच्याच गळ्याला मिठी मारून बसलं, तेव्हा लोक हळूहळू पांगले. बाई फलाटावर बसून थरथरत होती. आईनं तिच्यापुढं डबा ठेवला. तिनं हात लावला नाही.

आईनं चोरी शिकवली म्हणून त्या बहिणींना माफ करा, असं मी म्हणत नाही. ज्या लेकरांना त्यांनी मारलं त्यांचं बालपण त्याहून वाईट होतं, आणि त्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं. मला छळतं ते वेगळंच. सहा वर्षं मुलं नाहीशी होत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता, कारण ती फुटपाथवरची होती. पेपरात आल्यावर आम्ही आमच्या मुलांची मनगटं धरली, आणि घेरलं कुणाला, तर जिचं पोर पळवलं जायचं तशाच एका आईला.

लेकीला मी अजून हे सांगितलेलं नाही. रांगेत मात्र तिचं मनगट सोडून बोट धरलं.