तीनशे पस्तीस पोती

दक्षिण कोरियातील कारखान्यांत १९७० साली मागणीहून अधिक सिमेंट तयार होऊन ते गोदामांत साठून राहिले, तेव्हा अध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारने तो शिल्लक साठा देशातील ३३,२६७ खेड्यांना, लहानमोठे असा भेद न करता, प्रत्येकी ३३५ पोत्यांप्रमाणे विनामूल्य देण्याची तजवीज केली. 'सेमाउल उंदोंग' अर्थात नव-ग्राम चळवळ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या उपक्रमाचा हा प्रारंभ. अट अशी, की पोती घरोघर वाटून न घेता गावाच्या सामाईक कामी लावावीत; सरकारने सुचविलेल्या कामांपैकी रस्ता, पूल की विहीर, याचा निवाडा मात्र गावकऱ्यांनीच करावा.

पोते ४० किलोचे. म्हणजे एका गावाच्या वाट्याला साडेतेरा टनसुद्धा सिमेंट आले नाही. मध्यम प्रतीच्या काँक्रीटचा हिशेब धरला, तर तेवढ्यात ३ मीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर जाडीचा रस्ता जेमतेम १०० मीटर होतो. हा अपुरेपणाच मला या प्रकरणाचे मर्म वाटतो. कारण काम तडीस न्यावयाचे, तर नदीपात्रातील वाळू व गोटे, हिवाळ्यात शेतीतून मोकळे झालेले मनुष्यबळ आणि घराघरांतून जमणारी वर्गणी यांवाचून गत्यंतर नव्हते.

सर्वांत अवघड दान होते ते जमिनीचे. गल्ल्या अरुंद, वळणे आखूड. वाहन आत यावयाचे, तर कोणाची कुंपणभिंत मागे सरावयाची, कोणाच्या भातखाचराची कड जावयाची, आणि त्याचा मोबदला नाही. कित्येकांनी ती संतोषाने सोडली. कित्येकांनी शेजाऱ्यांच्या भिडेने आणि अंमलदारांच्या दडपणाखाली सोडली. १९७२ च्या ऑक्टोबरनंतर तर त्या देशात एकतंत्री राजवटच दृढ झाली, आणि त्या काळातील लोकसहभागाचे गोडवे गाताना ही सक्ती झाकून ठेवणे अन्यायाचे होईल.

उपक्रमाच्या दुसऱ्या वर्षी, पहिले काम नेटके केलेल्या सुमारे १६,६०० गावांनाच ५०० पोती सिमेंट आणि एक टन लोखंडी सळया मिळाल्या. वगळलेल्या गावांपैकी काहींनी स्वखर्चाने कामे आरंभिली. या चळवळीची कागदपत्रे २०१३ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत दाखल झाली. त्यांत अध्यक्षांची भाषणे आहेत, तशी गावकऱ्यांची पत्रेही आहेत. रस्ते कोणी बांधले हे जाणू इच्छिणाऱ्याने ती पत्रे आधी वाचावीत.