'हॉट टब' : पाणी नितळ, तरीही घातक

नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथे १९९९ साली भरलेल्या पुष्पप्रदर्शनात मांडलेला एक 'हॉट टब' किमान ३२ जणांच्या मृत्यूस कारणीभूत ठरला. बाधितांनी त्यात स्नान केले नव्हते. ते केवळ जवळून गेले होते. बुडबुड्यांसोबत उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून 'लिजिओनेला' हा जिवाणू त्यांच्या फुप्फुसांत शिरला. कोमट पाण्यात तो झपाट्याने वाढतो.

घरच्या टबाची निगा राखताना हे ध्यानात घ्यावे. पाणी ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापवू नये. एवढ्या उष्णतेतही क्लोरीन लवकर संपते; शिवाय घाम, तेल व साबणाचा सारा भार थोड्याशा पाण्यावर पडतो. त्यामुळे वापरापूर्वी चाचणीपट्टीने पाणी तपासावे. क्लोरीन किमान ३ पीपीएम आणि पीएच ७ ते ७.८ असावा. पीएच वाढल्यास क्लोरीन असूनही त्याचा प्रभाव ओसरतो. उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, हा गैरसमजच; तो वास बहुधा घामाशी संयोग पावून खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो.

फिल्टर दर आठवड्याला धुवावा. खरी घाण मात्र नजरेआड, नळ्यांच्या आतील बुळबुळीत थरात असते. त्याखालील जिवाणूंपर्यंत क्लोरीन सहजी पोहोचत नाही. म्हणून तीन-चार महिन्यांनी पाणी बदलताना, ते सोडून देण्यापूर्वी नळ्या स्वच्छ करणारे द्रावण त्यातून फिरवावे. बोअरवेलच्या जड पाण्याने हीटरवर क्षार साचतात, तेही पाहावे.

रसायने कधीही एकमेकांत मिसळू नयेत. ती पाण्यात टाकावीत. त्यांच्यावर पाणी ओतू नये.