एका मळसूत्राचा शोध

दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसाच्या कानी ‘हिंदूराव’ हे नाव प्रथम पडते ते बहुधा रुग्णालयाच्या निमित्ताने. उत्तर दिल्लीतील ‘रिज’ नावाच्या टेकडीवर हे रुग्णालय उभे आहे. खाली सदर बाजाराजवळच्या वस्तीला आजही ‘बाडा हिंदूराव’ म्हणतात. त्यातला ‘बाडा’ आपल्या कानाला ‘वाड्या’चा भाऊच वाटतो. हे हिंदूराव म्हणजे कागलकर घाटग्यांच्या घराण्यातील हिंदूराव घाटगे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला, आणि त्याचा टेकडीवरील प्रशस्त बंगला पुढे हिंदूरावांनी विकत घेतला. १८५७ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत दिल्लीला वेढा घालून बसलेल्या इंग्रज फौजेचे हा बंगला म्हणजे आघाडीचे ठाणे होते. हिंदूराव त्यापूर्वीच निवर्तले होते. त्यांच्या घराने मात्र तोफांचा मारा सोसला.

१८५८ साली फेलिचे बिआटो हा छायाचित्रकार दिल्लीत आला आणि त्याने या जखमी घराचे चित्र काचेच्या पट्टीवर टिपले. ते चित्र आज आपण पाहू शकतो. चित्रे अशी टिकतात. ती टिपणारी यंत्रे मात्र क्वचितच टिकतात. कॅमेरा हा सहसा मोठ्या आघाताने मरत नाही. त्याचे भिंग शाबूत असते, पेटी शाबूत असते. कोठे तरी दीड मिलिमीटर जाडीचे एक मळसूत्र गळून पडते, एक पट्टी सैल होते, झडप अडकते, आणि ते यंत्र कायमचे कपाटात जाते. मळसूत्र म्हणजे आपण व्यवहारात ज्याला स्क्रू म्हणतो तेच. या क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूला इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्याखेरीज हरवलेल्या स्क्रूच्या जागी दुसरा मिळत नाही.

पूर्वी प्रत्येक कारागीर आपल्या मर्जीप्रमाणे आटे पाडीत असे. एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात बसत नसे; पुष्कळदा एकाच यंत्राचे दोन स्क्रूही परस्परांच्या जागी चालत नसत. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने अचूक आटे कापणारा लेथ सिद्ध केला. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली सर्व इंग्लंडसाठी एकच माप सुचविले. त्याच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा. कॅमेरा तिकाटण्यावर बसविण्यासाठी जगभर आजही पाव इंची, इंचाला वीस आट्यांचा स्क्रू वापरतात. तो मूळचा व्हिटवर्थच्या मालिकेतला. पुढे १८६४ साली अमेरिकेत विल्यम सेलर्स याने ६० अंशांचा कोन पुढे आणला, आणि आजच्या मेट्रिक स्क्रूचा कोनही तोच आहे.

परंतु ही मापे पूल, आगगाड्या आणि तोफा यांच्यासाठी होती. घड्याळे, दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक यांच्या बारीक स्क्रूंचा प्रश्न तसाच राहिला. बिआटोने हिंदूरावांचे घर टिपले त्याच १८५८ साली लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने सूक्ष्मदर्शकाच्या भिंगासाठी एक ठराविक आटा निश्चित केला. १८७८ साली जिनिव्हाच्या मार्क थ्युरी याने घड्याळजींच्या कामाचा अभ्यास करून बारीक स्क्रूंची मालिका मांडली, आणि १८८४ साली ब्रिटिश असोसिएशनने ती स्वीकारली. तिची रचना मोठी सुरेख आहे. शून्य क्रमांकाच्या स्क्रूचा व्यास ६ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक क्रमांकात हे अंतर मागच्याच्या नऊ दशांश होत जाते. पंचविसाव्या क्रमांकाचा स्क्रू अवघा पाव मिलिमीटर जाडीचा! कोन मात्र साडेसत्तेचाळीस अंश. म्हणजे जुन्या इंग्रजी कॅमेऱ्यातील या मालिकेचा स्क्रू हरवला आणि आपण जवळच्या मापाचा मेट्रिक स्क्रू त्यात बळेच पिळला, तर तो दोन-तीन फेरे आत जातो, मग अडतो, आणि पितळेतले मूळ आटे कापून टाकतो. एका स्क्रूची उणीव होती. आता भोकही वाया गेले.

जर्मनीतल्या लायका कॅमेऱ्याची कथा याहून चमत्कारिक आहे. १९२५ साली तो बाजारात आला. पुढे त्याच्या बदलत्या भिंगांच्या मळसूत्राचा व्यास ३९ मिलिमीटर ठरला, पण आटे इंचाला २६! अर्धे माप मेट्रिक आणि अर्धे इंचांचे. याचे कारण असे की, वेट्झलर येथील त्याचा कारखाना मूळचा सूक्ष्मदर्शकांचा, आणि त्या धंद्यात इंग्रजी आटा रूढ होता. रशियात त्याची नक्कल झाली तेव्हा आरंभीच्या कॅमेऱ्यांत एक मिलिमीटर अंतराचा आटा घेतला गेला. दिसायला जुळी भावंडे, पण एकाचे भिंग दुसऱ्यात नीट बसेल याचा भरवसा नाही.

जपानी कॅमेऱ्यांत १.४, १.७ आणि २ मिलिमीटर ही मापे वारंवार आढळतात. यांतील १.७ हे माप पुढे मागे पडले, कारण आंतरराष्ट्रीय मालिकेत १.६ मान्य झाले. दोहोंच्या आट्यांतील अंतर एकच, ०.३५ मिलिमीटर, म्हणून १.६ चा नवा स्क्रू जुन्या भोकात सहज फिरतो. पाहणाऱ्यास वाटते, काम झाले. पण तो घट्ट धरत नाही, आणि काही दिवसांनी गळतो.

माझ्या वडिलांच्या जपानी कॅमेऱ्याच्या वरच्या झाकणाचे असेच दोन स्क्रू नाहीसे झाले होते. त्यांच्यासाठी मी चांदणी चौकातील कूचा चौधरी या कॅमेऱ्यांच्या बाजारात काही रविवार फिरलो. नव्या वस्तूंच्या दुकानांत अर्थातच काही मिळाले नाही. एका वृद्ध दुरुस्तीकाराने मात्र शिल्लक राहिलेला तिसरा स्क्रू मागून घेतला, मायक्रोमीटरमध्ये धरला, आणि म्हणाला, “बाबूजी, जाडी कोणीही मोजेल, आधी लांबी बघा.” त्याचे म्हणणे अगदी खरे होते. अर्धा मिलिमीटर जास्त लांबीचा स्क्रू झाकणाखालच्या दातेरी चाकाला टेकतो आणि सारे यंत्र थांबवितो. मग त्याने मृत कॅमेऱ्यांनी भरलेला एक पत्र्याचा डबा उघडला. त्याच कारखान्याच्या, त्याच सुमाराच्या एका निकामी कॅमेऱ्यातून दोन स्क्रू निघाले. बाजारात स्क्रू शोधायचा नसतो, त्याचा सोयरा शोधायचा असतो, हे मला त्या डब्यापाशी उमगले.

जेथे सोयराही सापडत नाही तेथे एकच उपाय उरतो: स्क्रू घडविणे. या ठिकाणी माझे मन हिंदूरावांच्या कागलाकडे, आणि तेथून जवळच असलेल्या कोल्हापुराकडे वळते. त्या शहरात बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांनी चलच्चित्राचा कॅमेरा स्वतः बनविण्याचा ध्यास घेतला होता. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम पुढे चालविले आणि १९१८ साली कॅमेरा तयार झाला. ‘सैरंध्री’ हा त्यांचा चित्रपट १९२० साली लोकांपुढे आला. विलायतेच्या कारखान्याकडे सुटा भाग मागवून तो येईपर्यंत थांबणे ही त्या काळची रीत. कोल्हापूरच्या कारागिरांनी थांबण्याऐवजी यंत्राचे मर्म हस्तगत केले. ज्याला कॅमेरा घडविता येतो त्याला त्याचा एक स्क्रू हरवल्याची भीती कशी वाटावी?

भारतात १९४७ सालीच मानके ठरविणारी संस्था स्थापन झाली, आणि १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली. शासकीय सेवेत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याला प्रमाणीकरणाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. त्याच्यावाचून आजचा एकही कारखाना चालणार नाही. परंतु नवे प्रमाण आले की जुन्या प्रमाणाच्या वस्तू पोरक्या होतात, आणि त्यांचा सांभाळ कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसतो. तो कूचा चौधरीतल्या त्या डब्यासारख्या डब्यांत आणि तो उघडणाऱ्या हातांत असतो. असे हात आता थोडे उरले आहेत, आणि त्यांच्यापाशी शिकावयास बसणारे त्याहून थोडे.

म्हणून, श्रोतेहो, एक सुचवावेसे वाटते. आपल्या घरी वडिलांचा वा आजोबांचा कॅमेरा असेल आणि तो चालत नसेल, तर तो भंगारात घालू नका. त्याचे सुटे झालेले स्क्रू कागदाच्या पुडीत बांधा, कोणता कोठला ते पुडीवर लिहा, आणि पुडी कॅमेऱ्याच्या पेटीतच ठेवा. तो कॅमेरा पुन्हा चालेल की नाही हे सांगता येत नाही. पण त्याच्या पोटातल्या दोन स्क्रूंनी दुसऱ्या कोणाच्या तरी घरचा कॅमेरा खचित चालू होईल.